पांढरं मीठ करडं का झालं?

मीठ पांढरंशुभ्र, मग फोटोत ते चुलीतल्या राखेसारखं करडं का यावं? जुईलीला हे कोडं पडलं होतं खरं, पण त्याहून जास्त तिच्या डोळ्यांत खुपत होता तो ठिपका.

ठिपका म्हणजे आबांचा यंत्रमानव. जुईलीचे आजोबा, डॉक्टर हिराजी म्हात्रे, चंद्रावर जाणाऱ्या यंत्रांना डोळे बसवायचं काम करत. यंदा ते गावच्या मिठागरावर आले ते ठिपक्याला घेऊनच. "मिठावर ऊन लखलखतं. चंद्रावर जायच्या आधी याला सराव हवा," म्हणाले. गुडघ्याएवढी उंची, कॅमेऱ्याचा एकच डोळा आणि पाठीवर उजेड कमी-जास्त करायचं आकड्यांचं छोटंसं चाक, एवढंच त्याचं रूप. पण आल्यापासून घरात आपला ठिपका एके ठिपका! आईसुद्धा त्याच्या पायांचं मीठ पदराने पुसायची. जुईलीचे पाय कुणी पुसले होते का कधी?

म्हात्र्यांच्या घरची एक रीत होती. हंगामाचं पहिलं मीठ ओढलं की त्याची रास करायची, हळदकुंकू वाहून वर नारळ ठेवायचा, आणि फोटो निघेपर्यंत राशीला कुणी हात लावायचा नाही. तो फोटो वर्षभर दारावर लागायचा. यंदाचा फोटो जुईली काढणार, हे केव्हाच ठरलं होतं. आणि आज आबा म्हणाले, "दोघंही काढा. चांगला येईल तो लावू."

चांगला येईल तो! जुईलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

तिने फोटो काढला, तर रास करडी. आता ठिपक्याची पाळी. आबा नारळ नीट ठेवायला वाकले, तेवढ्यात जुईलीने हळूच ठिपक्याच्या पाठीवरचं चाक फिरवून 'उणे एक'वर नेलं. उणे म्हणजे कमी, आणि कमी म्हणजे बिघडलं, असा तिचा सरळ हिशेब.

ठिपक्याने एकदम तीन फोटो काढले. पहिला कोळशासारखा काळा. दुसरा मळकट. तिसऱ्यात मात्र मीठ मिठासारखं पांढरं, दाणा न् दाणा दिसणारं!

"वा रे पठ्ठ्या!" आबा म्हणाले.

"पण मी त्याचं चाक उण्यावर नेलं होतं!" जुईली ओरडली, आणि तिने जीभ चावली.

"काय गो, हे काय केलंस?" आई म्हणाली.

आबा रागावले नाहीत. ते बांधावर बसले आणि जुईलीला शेजारी बसवलं. "अगं, कॅमेऱ्याला उजेड मोजता येतो, पण समोर काय आहे ते कळत नाही. जग साधारण मध्यम करडं असतं, असं तो धरून चालतो. अंगण, झाडं, माणसं असली की ते जमून जातं. पण समोर नुसतं मीठ आलं की त्याला वाटतं, अबब, केवढा हा उजेड! मग तो उजेड कमी करतो."

"म्हणून माझं मीठ करडं!"

"बरोबर. तेव्हा आपणच त्याला सांगायचं, बाबा रे, हे खरंच पांढरं आहे. याला म्हणतात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेल्या उजेडात आपण केलेली वाढ किंवा घट). अधिक एक म्हणजे उजेड दुप्पट, उणे एक म्हणजे निम्मा."

"मला ऑटोमॅटिक ब्रॅकेटिंग (एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे फोटो आपोआप पाठोपाठ काढणं) लावलेलं आहे," ठिपका म्हणाला. "एक फोटो चाकाच्या आकड्याहून दोन पायऱ्या खाली, एक नेमका त्या आकड्यावर आणि एक त्याहून दोन पायऱ्या वर."

जुईलीने बोटं मोजली. उणे एक. खाली उणे तीन. वर... अधिक एक!

"चाक शून्यावर असतं तर वरचा फोटो अधिक दोनचा झाला असता, आणि दाणे उजेडात हरवले असते," ठिपका म्हणाला. "आभारी आहे, जुईलीताई."

म्हणजे खोडी काढायला गेली आणि त्याचं भलं करून बसली! जुईलीचे डोळे भरून आले. "तुला सगळंच येतं. मला नाही आवडत तू!"

"सगळं येत नाही," ठिपका म्हणाला. "समोर मीठ आहे की राख, हे मला कळत नाही, म्हणून मी तीन काढतो. तिन्हींतला खरा कुठला, तेही मला ठरवता येत नाही. तुला येतं. ते मलाही यावंसं वाटतं. यालाच हेवा म्हणतात का, आबा?"

जुईली उठली. तिने आपल्या कॅमेऱ्याचं चाक अधिक एकवर नेलं, राशीकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि एकच फोटो काढला. मीठ पांढरं आलं, आणि त्यावरचं कुंकूही लालभडक. आईने तोच फोटो दारावर लावला.

सराव संपवून ठिपका निघाला, तेव्हा त्याच्या पायांचं मीठ जुईलीने पुसलं.

"चंद्र पांढरा दिसतो," तो म्हणाला. "म्हणजे तिथेही अधिक एक?"

जुईलीने आबांकडे पाहिलं. "तिथली माती कशी असते?"

"जवळून पाहिलं तर जुन्या डांबरी रस्त्यासारखी. काळपट."

जुईली ठिपक्याकडे वळली. "मग काळी माती बघून तुला उजेड कमी वाटेल, आणि तू तिला उगाच उजळ करशील. उणे लाव, उणे! आणि तरी तीन-तीन काढ हं. तिथे सांगायला मी नसणार."