मधला श्वास

प्लेगच्या सालानंतर दोनेक वर्षांनी, थंडीतल्या एका दुपारी धम्मपाल अवजारांची पेटी घेऊन गोडादऱ्यातल्या एका खाजगी दवाखान्यात गेला. काम नेहमीचंच होतं. तो ज्या शेठकडे नोकरीला होता, ते उधन्याच्या शेडमध्ये नवजात बाळांसाठी श्वासाची यंत्रं बनवायचे. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, कच्च्या फुप्फुसांच्या बाळाला नळी लावायची आणि यंत्र ठरल्या वेगानं त्याच्या छातीत हवा भरायचं. परदेशी यंत्रापेक्षा हे कितीतरी स्वस्त. म्हणून दवाखान्याच्या डॉक्टरांनी आणि शेठनी मिळून पहिलं यंत्र इथं चाचणीला लावलं होतं. चाचणी कुणाच्या बाळावर करायची, याचा विचार करायची त्यांना गरज पडली नाही. आजूबाजूला सगळी लूमवर कापड विणणाऱ्या कामगारांचीच वस्ती होती.

पहिलं बाळ वाल्मिक आणि जयश्रीचं. ही पारोळ्याकडून आलेली माणसं. तीन दिवसांत बाळ गेलं. फुप्फुसंच कच्ची होती, असं डॉक्टर म्हणाले. वाल्मिकनं त्यांना हात जोडले, फडक्यात गुंडाळलेला मुलगा छातीशी धरला आणि चालत घरी गेला.

आता उखा नावाच्या हमालाची मुलगी त्याच यंत्रावर ठेवायची होती. त्याआधी धम्मपालनं ते तपासून ‘बरोबर आहे’ एवढं म्हणायचं होतं.

त्या दिवशी भागातली लाईट बंद होती. आठवड्यातून एकदा लूम थांबायचे, आणि मग त्या वस्तीला आपलाच आवाज ऐकू यायचा. मागच्या आवारात जनरेटर घुमत होता, तेवढाच काय तो आवाज. खोलीत डेटॉलचा वास होता. त्याखाली आणखी एक वास होता, आंबूस दुधाचा.

धम्मपालनं नळीच्या टोकाला रबराची छोटी पिशवी लावली. बाळाच्या जागी ही पिशवी. धंद्यात तिला फुप्फुसच म्हणत. त्यानं बटण दाबलं. पिशवी फुगली, बसली. फुगली, बसली. दाबाचा काटा जिथं हवा तिथं. सगळं बरोबर होतं.

तो पेटी आवरायला वळला आणि थांबला. दोन श्वासांच्या मध्ये पिशवी हलली होती.

गळती असेल म्हणून त्यानं नळी आवळली. मग पिशवीच बदलली. नवी पिशवी यंत्राबरोबर फुगली, बसली... आणि मध्येच, यंत्रानं काही न करता, तिनं एक घाईघाईचा लहानसा श्वास घेतला. तो बाहेर सोडायच्या आत यंत्रानं वरून हवा रेटली. काटा लाल रेघेपार गेला. अशा वेळी जादा दाब सोडायला जी झडप असते, ती उघडलीच नाही. पिशवी ताणून चकचकीत झाली.

निर्जीव रबर कधी आपणहून श्वास घेत नाही, म्हणून तपासणीत ही खोट कधी दिसणारच नव्हती. जिवंत बाळालाच ती कळणार होती.

त्यानं यंत्र बंद केलं. पिशवी थांबली नाही. मधोमध खोल खड्डा पडत होता आणि भरत होता.

“मालतीबाई,” त्यानं हलक्या आवाजात हाक मारली. बाळांच्या खोलीतली नर्स दारात आली. पिशवीकडे बघताच तिचा हात तोंडाशी गेला.

“बरगड्या अशाच आत जायच्या त्या पहिल्या बाळाच्या...” ती म्हणाली. “यंत्राशी झगडायचा. मी सांगितलं डॉक्टरांना. म्हणाले, सवय होईल.”

ती जवळ आली. श्वास विसरणाऱ्या बाळाच्या तळव्यावर टिचकी मारतात, तशी तिनं पिशवीच्या खालच्या कडेला हलकी टिचकी मारली. पिशवीनं एक लांब श्वास घेतला आणि ती बसली. पुन्हा उठली नाही.

डॉक्टर आले तेव्हा पिशवी लोंबत होती. “बराबर छे ने?” त्यांनी गुजरातीत विचारलं.

“नाही साहेब. झडप अडकते. बाळानं मध्येच स्वतःचा श्वास घेतला तर...”

“दाखव.”

त्यानं यंत्र चालू केलं. पिशवी फुगली, बसली. काटा जागेवर. डॉक्टरांनी शांतपणे त्याच्याकडे पाहिलं. धम्मपालनं झडप उपसून मुठीत धरली. डॉक्टरांनी शेठना फोन लावला, आणि शेठनी फोनवरूनच त्याला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. संध्याकाळी शेडमधला किसन तशीच दुसरी झडप घेऊन आला. उखाची मुलगी यंत्रावर गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी धम्मपालला राहवलं नाही. तो दवाखान्याच्या फाटकाशी गेला, तेव्हा मालतीबाई बाहेरच उभी होती.

“गेली भाऊ. आत्ताच... त्याच्यासारखीच. उखा कामावर आहे, त्यालासुद्धा अजून कळलं नाही.”

निदान एका बापाला तरी खरं सांगावं म्हणून तो तिथून सरळ वाल्मिकच्या खोलीवर गेला. शेजारच्या लूमनं भिंत थरथरत होती. वाल्मिकनं सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं.

“आता बोलून काय होणार, भाऊ?” तो म्हणाला. “लूमचा मालक डॉक्टरच्याच बैठकीतला. काम जाईल, ही खोलीपण जाईल.”

कोपऱ्यात जुन्या साडीची झोळी टांगली होती आणि जयश्री तिची दोरी ओढत बसली होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोला ना, भाऊ. आत्तेच जपी ग्यात दोन्ही.”

“दोन्ही झोपले?” धम्मपालनं विचारलं.

वाल्मिक कसनुसा झाला. “बाळ गेल्यापासून असंच चाललंय तिचं. झोळी सोडू देत नाही. पण...” त्यानं झोळीकडे पाहिलं. “सकाळपर्यंत एकच म्हणत होती.”

जयश्रीनं दोरी सोडली. झोळी झुलायची थांबली. तिचं कापड खाली चांगलंच ओढलं गेलं होतं, आणि ते दोन जागी हळूहळू वर येत होतं, खाली जात होतं.