सोमवारचं चुकलेलं कार्ड

गिदोन पहिल्यांदा भेटला तो कचेरीच्या पायरीवर, आणि भेटल्या भेटल्या हातातले सगळे कागद सांडून बसला. भिंगारचं वारं काही सभ्य नाही. आकड्यांनी भरलेले ते कागद थेट कडुलिंबापर्यंत गेले. दयाने पदर खोचला न् पळून पळून ते गोळा केले.

"अणूच्या गाभ्याचं गणित आहे हो..." तो धापा टाकत म्हणाला.

"मग जरा घट्ट धरा की त्याला!"

झालं! त्या दिवसापासून पोरीचं चित्त थाऱ्यावर नाही.

गिदोन सोनईचा, नगरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. साल बहात्तर. कॉम्प्युटर होता तो मुंबईला, आणि त्याला आकडे-अक्षरं कळायची कार्डांवर पाडलेल्या भोकांतून. भोकं पाडायचं मशीन ह्या लष्करी कचेरीत, आणि त्या मशीनवर दया. कचेरीच्या साहेबांनी गिदोनला तिथे कार्डं पाडून घ्यायची खास परवानगी दिली होती.

"सगळे गाभे लाडवासारखे गोल नसतात, मिस दया," तो सांगायचा. "काही रताळ्यासारखे लांबट, काही भाकरीसारखे चपटे. कॉम्प्युटर एकेक आकार घेऊन ऊर्जा काढतो. जिथे ती सगळ्यात कमी, तोच खरा आकार. तिथेच तो निवांत बसतो."

"नशीबवान आहे," दया पुटपुटली आणि पटकन मशीनकडे वळली.

पुढे दर सोमवारी तो एक कार्ड घेऊन यायला लागला. मुंबईने नाकारलं म्हणे, एक भोक जास्त पडलंय! तो येणार म्हणून तिचा जीव फुलायचा, आणि चूक घेऊन येणार म्हणून धसका बसायचा. बाबांशी भांडून मिळवलेली नोकरी, अजून कायमसुद्धा झालेली नाही... आणि बोटंच दगा द्यायला लागली?

एका सोमवारी सकाळीच सुपरवायझर सहादेवराव टेबलापाशी आले. "पोरी, चार आठवडे, चार चुका. उद्या तुला कायम करायचं का न्हाई ते ठरनार हाय. मी काय तोंडानं तुजं नाव सांगू?"

तिला रडू फुटायचंच बाकी राहिलं. तिने खणातून ती चारही कार्डं काढली. (बिघडलेली कार्डं तिने का जपून ठेवली होती, ते विचारू नका.) एकेक खिडकीच्या उजेडात धरलं. मशीनचं भोक कसं, कडा अगदी साफ. पण चारही कार्डांत एकेका भोकाच्या कडेला तुसं निघालेली, कोपरा वाकडा...

अगं बाई!

दुपारी गिदोन आला. "मिस दया, पुन्हा एक..."

"सर, दाढी कशाने करता?"

"अं? ब्लेडने."

"आणि कार्डं?"

त्याचे कान लालबुंद झाले. "मुंबईचं काम महिन्यापूर्वीच झालं. गाभा लांबटच निघाला. मग पुढचं गणित तयार होईपर्यंत इकडे यायला निमित्तच उरेना... मला राहवेना, म्हणून..."

"तुमच्या निमित्तापायी माझी नोकरी चाललीय!" तिचा आवाज फाटला. "मला वाटलं, माझे हातच गेले कामातून!" डोळ्यांना धार लागली. आणि मेलं मन! त्यातही आतल्या आत नाचत होतं.

गिदोन पांढराफटक पडला. त्याने पाचही कार्डं उचलली आणि सरळ सहादेवरावांच्या खोलीत शिरला.

"चुका त्यांच्या नाहीत. भोकं मी पाडली," दाराआडून ऐकू आलं. मग सहादेवराव कडाडले, "मास्तर हाय का कोन हाय तुमी? पोरीचं वाटुळं झालं असतं! तिच्या हातून चुका व्हत न्हाईत, मलाबी नवल वाटत हुतं! सायबांस्नी सांगून तुमची परवानगी बंद करतो. उद्यापासून हितं पाय ठिवायचा न्हाई!"

तो बाहेर आला. "तुमची नोकरी कायम होईल. माझं पुढचं गणित आता हाताने करीन. जातील दोन वर्षं... यायला आता खरंच काही कारण नाही." आणि निघाला.

दयाने कोरं कार्ड मशीनमध्ये सारलं. खट, खट, खट... पायरीवर त्याला गाठून ते पुढे केलं.

गिदोनने कार्ड उन्हात धरलं. भोकांतून तो एकेक इंग्रजी अक्षर लावत गेला, "रविवारी... चर्चनंतर... बाबा घरी असतात." "मिस दया... यात काही चूक तर नाही ना?"

"माझ्या हातून चुका होत नाहीत," ती म्हणाली. "विचारा सहादेवरावांना!"