शेवटच्या बाकावरचा हात

"चल गं माझ्याबरोबर, खडू आणू," असं म्हणून ती आठवीतल्या एका मुलीला नकाशांच्या खोलीकडे घेऊन निघाली. मुलगी उड्या मारतच आली. छोट्या मॅडमनी आपणहून बोलावलं, याचंच तिला अप्रूप.

छोट्या मॅडम म्हणजे विद्यापीठातून इंग्रजी शिकवण्याच्या सरावासाठी या शाळेत आलेली विद्यार्थिनी. आज तिचा परीक्षेचा पाठ होता. गेल्या वर्षी याच पाठाला वर्ग ढिम्म बसून राहिला, एकाही मुलाने हात वर केला नाही, आणि ती नापास झाली. यंदाची संधी शेवटची. सकाळी निघताना आई एवढंच म्हणाली होती, "या वेळी तरी निभावून ने, बाई."

निभावून न्यायची युक्ती सरावाला येणाऱ्या सगळ्यांनाच ठाऊक असते. वर्गाला आधीच पढवून ठेवायचं. प्रश्न आला की झाडून सगळ्यांनी हात वर करायचे. येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. मॅडम विचारणार फक्त उजव्यांना. परीक्षक बिचारा एवढे हात बघूनच खूश होतो, आणि मुलांनाही असली लबाडी मनापासून आवडते.

अडचण एकच होती, ही मुलगी. तिला सगळं यायचं, पण बोलताना पहिल्याच अक्षरावर जीभ अडायची. वर्ग ताटकळायचा, कुणीतरी फिदीफिदी हसायचं. "तू आपला डावाच हात वर कर हं," असं छोट्या मॅडमनी तिला गोड बोलून समजावलं होतं. तरी कालच्या तालमीत पोरीने उजवाच उंचावला. वडिलांचं मोठं घड्याळ मनगटावरून घसरत पार कोपरापर्यंत आलं, तरी हात खाली नाही.

नकाशांच्या खोलीला खिडकी नव्हती. गुंडाळलेले नकाशे, फुटका पृथ्वीचा गोल, आणि कुबट वास.

"तू इथंच बस. मी बोलावते."

"म... म... मॅडम, मला आ... आजचं सगळं येतं."

"माहीत आहे गं," ती म्हणाली, आणि दार ओढून घेतलं. तिला लाज वाटली. अगदी कानांपर्यंत वाटली. पण घंटा झाली होती.

पाठ छान सुरू झाला. बाहेर आभाळ दाटून आलेलं, त्यात वीज गेली, आणि वर्ग भरदुपारी तिन्हीसांजेसारखा दिसू लागला. परीक्षक सर मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसले होते. तिने पहिला प्रश्न विचारला. सगळे हात वर गेले. तिने एका उजव्या हाताकडे बोट केलं, मुलगा धडाधड बोलला, परीक्षकांनी मान डोलावली.

दुसऱ्या प्रश्नाला तिला तो हात दिसला.

शेवटच्या बाकावर. जो बाक तिने स्वतः रिकामा केला होता, तिथे. पुढच्या मुलांच्या डोक्यांवर फक्त एक बारीक हात, उजवा... आणि कोपराशी अडकलेलं मोठं घड्याळ.

आली वाटतं परत, तिच्या मनात आलं. आगाऊ कुठली! तिने नजर वळवली. तिसरा प्रश्न, चौथा प्रश्न. बाकीचे हात वर जात होते, खाली येत होते. तो एकच हात खाली येत नव्हता. प्रश्न नसतानाही तो तसाच वर होता. आणि एकही मूल मागे वळून बघत नव्हतं. कुठूनतरी कुबट वास येऊ लागला.

"मॅडम," परीक्षकांनी हळूच पेनाने दाखवलं, "त्या मुलीलाही विचारा ना. केव्हाची हात वर करून बसलीय."

"सर, ती... तिला येत नाही काही."

तो उजवा हात सावकाश खाली गेला. आणि तितक्याच सावकाश, त्याच्या जागी, डावा हात वर आला.

घंटा झाली तशी ती धावतच सुटली. नकाशांच्या खोलीला बाहेरून कडी होती.

"कडी काढलेली दिसली म्हणून मघाशी मीच लावली," शिपाईमामा म्हणाले. "का हो? आत कोण आहे?"

तिने कडी काढली. अंधारात मुलगी जमिनीवर बसली होती. डावा हात वर.

"आधी उजवाच केला होता, मॅडम," ती म्हणाली. एकही अक्षर अडलं नाही. "तुम्ही म्हणालात मला येत नाही, मग डावा केला. आता खाली घेऊ?"

छोट्या मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने तो हात आपल्या हातांनी खाली आणला. थंडगार होता. मुलीला घट्ट धरून ती वर्गाकडे निघाली. नापास तर नापास, सरांना सगळं खरं सांगून टाकायचं, हिचं उत्तर सगळ्यांसमोर ऐकायचं.

वर्ग तसाच बसला होता. परीक्षक दारातच भेटले.

"बरं झालं आलात. पाठ उत्तम झाला. पण त्या मुलीला एकदा विचारून टाका हो. अजून बसलीय बघा..."

शेवटच्या बाकावर डावा हात वर होता. कोपराशी घड्याळ. आणि इथे, तिच्या शेजारी, तेच घड्याळ घातलेला हात तिच्या मुठीत होता.

तिने बोलायला तोंड उघडलं. "स... स..." जीभ टाळूला चिकटली. "स... स..."

मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं.

शेजारच्या मुलीने तिचा हात हळूच दाबला. "सावकाश बोला, मॅडम," ती म्हणाली. "आम्ही थांबतो."