उजवीकडून ओवायची माळ

घंटा किंचाळली आणि अख्खी इमारत जिन्यावरून खाली ओघळली. आग नव्हती, नुसता सराव होता; पण आवाज असा की काळीज हातात यावं. माझ्या हातात मात्र होती एक जाडजूड, बिनसुईची सिरिंज. भुरभुरत्या पावसात, सगळ्यांच्या मधोमध उभी राहून मी ती हलवत होते. डावीकडे... उजवीकडे... पुन्हा डावीकडे...

"झोपत नाहीये का?"

मी दचकून वळले. उंच, किडकिडीत, चष्म्यावर थेंब, आणि चेहरा अगदी गंभीर.

"काय?"

"बाळ. केव्हाची जोजवताय. अंगाईबिंगाई म्हणून बघा."

"थांबवलं तर बिघडेल," मी फणकारले. "आत खसखशीएवढे दाणे आहेत. त्यांच्यावर रेणूंची माळ ओवतेय मी."

"घंटा झाली की हातातलं टाकून खाली यायचं असतं. नियम आहे."

"बाळ टाकून येतं का कुणी?"

तो हसला. असा हसला, की माझा हातच थांबला.

"हलवा, हलवा," तोच म्हणाला, "जागं होईल."

तळघरातल्या मोठ्या चुंबकाच्या यंत्रावर नवा आलेला तो हा. आठवडाभरात सगळे त्याला 'चुंबक'च म्हणू लागले होते. मला त्याआधीपासून 'माळीणबाई' म्हणत.

माझ्या माळेचं मूळ माझ्या आत्याच्या दंडात. तिनं मला वाढवलं, आणि मी कळती झाल्यापासून तिला रोज सुई टोचून घेताना पाहिलं. "मेलं हे औषध गोळीतून का देत नाहीत गं?" ती विचारायची. औषध पेप्टाइडचं, म्हणजे शरीरातल्याच छोट्या रेणूंची माळ. गिळलं की पोटातला रस तिचे तुकडे करतो. हे सांगितलं तर म्हणाली, "मग पोटाला फसव की!"

तोच माझा धंदा झाला. हुबेहूब पेप्टाइडसारखी दिसणारी, पण पेप्टाइड नसलेली माळ करायची. मण्यांना लटकणारे लोलक तेच, फक्त एक घर सरकवून टांगलेले. पोटाच्या कात्रीला ती ओळखूच येत नाही.

ओवून झालेली माळ तपासायला तळघरात न्यायची. पहिल्याच दिवशी त्यानं मला जमिनीवरच्या लाल रेघेपाशी अडवलं.

"इथून पुढे लोखंड चालत नाही. घड्याळ काढा. किल्ल्या... आणि केसांतल्या पिना."

पिना काढल्या. केस सुटले, खांद्यावरून खाली आले. त्यानं पाहिलं, आणि घाईघाईनं छताकडे पाहू लागला.

"छताला काय झालंय?"

"काही नाही. छत बरं आहे," तो म्हणाला. कान लाल.

मग पुढची माळ ओवायला बसले त्या दिवशी काचेच्या नळ्या परत द्यायला म्हणून तो आमच्या प्रयोगशाळेत आला आणि दाराला टेकून बोलतच राहिला. बाहेर पाऊस, आत त्याचा आवाज — हात आपोआप चालत होते...

आणि ती माळ चालली! पाचकरसात ठेवली, अख्खी राहिली. औषध लागू पडायला जिथे चिकटायला हवी तिथे अशी चिकटली, की एरवी नुसतं "ठीक" म्हणणाऱ्या आमच्या मॅडम खुर्चीतून उठल्या. शुक्रवारी त्या हा निकाल साऱ्या संस्थेसमोर मांडणार होत्या. त्यावरच ठरणार होतं, माझी जागा राहते की जाते.

बुधवारी चुंबकाचा फोन आला. "खाली येतेस? आत्ताच."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. पण आवाजात हसू नव्हतं.

पडद्यावर उंच-सखल रेघांची रांग होती. तो त्यांच्याकडे बघत म्हणाला, "ही माळ तू म्हणतेस ती नाही."

"म्हणजे? वजन तंतोतंत जुळलंय!"

"जुळणारच. मणी तेच, तेवढेच. पण कुणाशेजारी कोण बसलंय ते वजनाला कळत नाही, माझ्या यंत्राला कळतं." त्यानं रेघांवर बोट ठेवलं. "उलटी ओवलीय."

फुलांची माळ कुठूनही धरा, तीच. आमच्या माळेला डोकं आणि शेपूट असतं. कागदावर ती डावीकडून वाचायची, पण ओवायची उजवीकडून, कारण शेपूट आधी त्या खसखशीच्या दाण्याला अडकवावं लागतं. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही हे पाठ असतं. आणि मी... मी?

"तुमचंच यंत्र बिघडलं असेल!"

"तीनदा तपासलं. देवाशप्पथ, बिघडलेलं असावं असंच वाटत होतं." तो हळूच म्हणाला, "खोटं लिहिणार नाही मी. पण आधी तुला सांगायचं होतं."

मी तडक मॅडमकडे गेले. तोही मागोमाग आला. मी एकटीनं जाऊ नये म्हणून असेल. मॅडमनी सगळं ऐकलं. चष्मा काढला.

"डावीकडून सुरुवात केलीस. ते कळलं. का केलीस?"

"हे... दारात होते."

"बोलत होते? लक्ष उडवलं तुझं?"

"बोलत होते. पण बोलण्यामुळे नाही, मॅडम. ते गप्प झाले तेव्हाही मी... बघतच होते."

माझ्याच तोंडून निघालं हे? चुंबकाचा हात दाराच्या कडीवरच राहिला. मॅडमनी चष्मा पुन्हा लावला, जणू आम्ही नीट दिसत नव्हतो.

"ॲसिडचा दोष ऐकलाय मी. तराजूचा ऐकलाय, विजेचा ऐकलाय," त्या म्हणाल्या. "हा पहिल्यांदाच." मग आवाज कडक झाला. "शुक्रवार रद्द. सरळ माळ ओव. दोन्ही शेजारी ठेवून तपास. जागेचं त्यानंतर बोलू. आणि तुम्ही — हे होईस्तोवर माझ्या प्रयोगशाळेचा उंबरा ओलांडायचा नाही."

तो गेला. मग ना फोन, ना निरोप. मी ओवत राहिले. उजवीकडून, एकेक मणी, डोळे भरून आले तरी उजवीकडूनच.

"तोंड का उतरलंय?" आत्यानं विचारलं. मी सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला.

"मॅडमना सांगितलंस. आणि त्याला?"

"तो तिथेच होता गं."

"तिथे असणं निराळं! बापावर गेलीस अगदी. तोही तुझ्या आईला सोडून अख्ख्या गल्लीला सांगत सुटला होता."

निकाल आला. सरळ माळ पाचकरसात टिकली, पण चिकटलीच नाही. अळवाच्या पानावरून पाणी घरंगळावं तशी सुटून गेली. पुन्हा केला प्रयोग, पुन्हा तेच. चिकटली ती उलटीच.

मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. "म्हणजे क्रम ठरवताना मी चुकले आणि ओवताना तू," त्या पुटपुटल्या. "लोलक सरकवले की माळ उलटीच बसत असेल... अगं, उभी काय राहिलीस? जागा राहिली तुझी."

मी जिन्यावरून धावत सुटले.

तो यंत्रापाशी होता. मला पाहताच उठला, चेहरा पांढराफटक. "सरळ माळ चालली ना? वाटलंच होतं, म्हणजे तुझी ती नुसती चूकच ठरली. माझ्यापायी तुझी सगळी मेहनत... मी बदली मागतोय. उद्याच."

मी निकाल सांगायला तोंड उघडलं. आणि मिटलं.

"समजा चालली," मी म्हणाले. "समजा तुझ्यापायी माझी जागा गेली. तरी आत्ता मी इथेच आले असते. तू आवडतोस मला. माळ सरळ असो नाहीतर उलटी."

तो बसायला गेला तर चाकांचं स्टूल मागे पळालं; कसंबसं टेबल धरलं त्यानं.

"पुन्हा म्हण."

"एकदाच सांगायचं असतं हे."

"मी एकदा आलेला निकाल मानत नाही."

मग पुन्हा म्हणाले. अगदी जवळ जाऊन, अगदी हळू. त्याचे गारठलेले हात माझ्या हातांत आले.

"मलाही," तो म्हणाला. "केव्हापासून ते विचारू नकोस, तू हसशील."

"आणि बदली?"

"कसली बदली?" मग एकदम भानावर येऊन म्हणाला, "अगं, पण खरं काय झालं? निकाल काय आला?"

"तो होय?" मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. "सांगते रे... सावकाश."