आजी झोपल्यात

निहिराला भलतंच कोडं पडलं होतं. कुमुदआजीला दुपारी काय खाल्लं तेही आठवत नसे. मग सहा महिन्यांपूर्वीपर्यंत ती रोज संध्याकाळी खुशीत गुणगुणायची कशी? आणि आताशा गप्प गप्प का?

निहिरानं घरातल्या यंत्रमानवाला, ढब्बूला, विचारलं. आजीच्या मनगटावरच्या पट्टीवरून त्याला तिची नाडी कळत असे.

"आजींना स्मृतिभ्रंश (मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी करणारा आजार) आहे," ढब्बू म्हणाला. "नव्या आठवणी पक्क्या करणारा मेंदूतला भाग आधी झिजतो. भावना सांभाळणारा भाग वेगळा. म्हणून कोण आलं ते पुसलं जातं, पण बरं वाटलेलं मागे राहतं. फोडणी झाल्यावरही वास घरभर रेंगाळतो ना, तसं."

"पण तेव्हा यायचं कोण?"

"शेजारच्या मालनताई. रोज चारला, तू शाळेतून यायच्या आत. दोघी वाती वळायच्या. आजी एकच गंमत सात वेळा सांगायच्या, त्या सातही वेळा हसायच्या."

"मग यायच्या का थांबल्या?"

ढब्बूनं सहा महिन्यांपूर्वीचा निहिराचाच आवाज ऐकवला. "कोणीही आलं की सांग, आजी झोपल्यात!"

निहिराचा चेहरा खर्रकन उतरला. तेव्हा आजीनं चपला फ्रिजमध्ये ठेवल्या, मैत्रिणी फिदीफिदी हसल्या आणि या शहाणीला लाज वाटली! आईबाबाही म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. मालनताई चौदा वेळा दारातून परतल्या आणि शेवटी मुलाकडे भुसावळला राहायला गेल्या.

"अरे, मला सांगायचं तरी!"

"तू विचारलंच नाहीस," ढब्बू म्हणाला.

पोरगी खूप रडली. पण रडून मालनताई थोड्याच परत येणार होत्या?

रविवारी सोसायटीच्या सभेत ती उभी राहिली. "माझ्या आजीला स्मृतिभ्रंश आहे. 'मला ओळखलंत का?' असं तिला विचारू नका. चुकली तर हसू नका. नुसतं या, तिच्याबरोबर चार वाती वळा."

मग तिसऱ्या मजल्यावरचे दिघेकाका हळूच म्हणाले, "माझ्या आईलाही तेच झालंय गं. मीही दार लावूनच बसलोय."

सोमवारी चार वाजता काका आईचा हात धरून आले, मागोमाग आणखी तिघीजणी आल्या. आजीची बोटं आपसूक कापूस वळू लागली.

संध्याकाळी आजी गुणगुणत होती.

"आजी, आज खुशीत?"

"छान वाटतंय बाई. मालन येऊन गेली वाटतं."

निहिरा ढब्बूकडे वळली. "ढब्बू," ती म्हणाली, "भुसावळला फोन लाव. मला माफी मागायचीय."