चौथा म्हणून घेतलेला दगड

खोटं वाटलं तर वाटू दे. मला कुणाला पटवायचं नाही. पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय, भर दिवसा, लख्ख उन्हात. नदीचं नाव मात्र सांगणार नाही. तिथं कुणाचं तरी लेकरू गेलंय.

मी उत्कर्षा. माहेर सांगलीजवळ माधवनगर, सासर साताऱ्यात औंधच्या बाजूला. नवरा विश्वजीत आणि मी जर्मनीत, म्युनिकला नोकरी करतो. मागच्या वर्षी धाकटा दीर जयराज शिकायला आमच्याकडं आला.

निघताना सासूबाईंनी माझा हात धरला होता. "माझं पोर तुझ्या पदरात टाकलंय बघ. नेतीयास तसं आणून दे."

एवढंच म्हणाल्या. पण ते वाक्य माझ्या मानगुटीवर बसलं ते बसलंच.

जयराज म्हणजे अखंड बडबड. मोजा सापडेना, वहिनी. भूक लागली, वहिनी. दिवसातून शंभर वेळा ती हाक. कधी कधी डोकं उठायचं माझं.

जूनमधला शनिवार होता. शेजारच्या ऑस्ट्रियात डोंगर चढायचा, वर मुक्काम करायचा आणि रविवारी उतरून नदीत राफ्टिंग, असा बेत. डब्यात भडंग, अंगात उत्साह. नदीकाठी गाडी लावली आणि सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला.

"कोन कोन निगालाय?"

"तिघंच, आई," विश्वजीत म्हणाला.

"तिघं? आरं, तीन तिगाडा, काम बिगाडा! चौथा म्हनून एक दगड तरी घ्या संगं."

आमच्याकडं ही पद्धतच आहे. तिघांनी कामाला निघायचं नाही. निघावंच लागलं, तर एक दगड बरोबर घ्यायचा. तो चौथा. माझ्यासाठी स्थळ बघायला निघताना माझ्या वडिलांनीही खिशात दगड टाकला होता.

मी हसले. जयराज मात्र लगेच शोधायला लागला. एका झाडाखाली चपटे दगड एकावर एक रचून ठेवलेले होते. त्यानं सगळ्यात वरचा उचलला. पांढरा, गुळगुळीत, तळहाताएवढा.

"ह्यो आपला लालासाहेब!" तो म्हणाला. "चला लालासाहेब, लय लांब जायाचंय."

आम्ही पोट धरून हसलो.

संध्याकाळी डोंगरावरच्या लाकडी घरात पोचलो. तिथल्या बाईनं सूप आणलं.

चार वाट्या.

"आम्ही तिघंच आहोत," मी म्हणाले.

"मग तो बाहेर बाकावर बसलाय तो? मी आत ये म्हटलं, तर बोलतच नाही."

मी दार उघडून पाहिलं. बाक रिकामा होता.

पण एका माणसापुरती जागा… ओली होती.

पाऊस पडलेला नव्हता.

"लालासाहेबांचं सूप मी पितो," म्हणत जयराजनं चौथी वाटीही रिकामी केली. मी मनाशी म्हटलं, कुणीतरी पाणी सांडलं असेल.

सकाळी उतरताना मी सगळ्यात मागं होते. ते दोघं पुढं भांडत चालले होते, सांगलीचं भडंग भारी की साताऱ्याचे कंदी पेढे भारी, यावर.

आणि माझ्या मागून पावलं येत होती…

ओल्या बुटांची. पचक… पचक…

मी थांबले. ती एक पाऊल पुढं येऊन थांबली. मागं वळून बघायची हिंमत झाली नाही. पळत जाऊन विश्वजीतचा दंड धरला तो खाली पोचेपर्यंत सोडला नाही.

राफ्टवाल्याचं नाव फ्लोरियन. त्यानं चार लाइफ जॅकेटं काढून ठेवली होती. "तिघांचं बुकिंग आहे," म्हटल्यावर त्यानं आमच्याकडं पाहिलं, मग आमच्या मागं पाहिलं आणि एक जॅकेट परत ठेवलं.

पुढं मी आणि विश्वजीत. मागं जयराज, त्याच्या शेजारची जागा मोकळी. तिथं जयराजनं दगड ठेवला. फ्लोरियन सगळ्यात मागं, वल्हं घेऊन.

पाणी बर्फाचं, पांढरं, नुसतं उसळणारं. तिसऱ्या उताराला राफ्ट उलटली.

पुढचं तुकड्यातुकड्यानं आठवतंय. कानात घों घों आवाज. नाकातोंडात पाणी. मग फ्लोरियननं मला ओढून आत टाकलं. मग विश्वजीतला. मग मागच्या बाजूनं नारिंगी जॅकेटला धरून आणखी एकाला.

"तिघंही आले!" तो ओरडला आणि राफ्ट काठाकडं वळवली.

मी खोकत मागं पाहिलं. जयराज पाठमोरा बसला होता. मान खाली. हेल्मेटवरून पाणी गळत होतं.

"जयराज, बरा आहेस ना?"

उत्तर नाही.

दोन मिनिटं गप्प न बसणारं पोर… आणि उत्तर नाही.

"जयराज?"

तेवढ्यात लांबून, नदीच्या वरच्या अंगानं हाक आली.

"वहिनीऽऽ…"

मी तिकडं पाहिलं. पाण्यात एक झाड आडवं पडलं होतं. त्याच्या फांद्यांत एक डोकं अडकलं होतं. ते जयराजचं होतं.

मी परत राफ्टमध्ये पाहिलं.

मागं कुणीच नव्हतं. मोकळ्या जागेवर तो पांढरा दगड तेवढा होता. राफ्ट उलटली तरी तो तिथंच होता.

फ्लोरियननं काठावरून दोर टाकला. जयराजला बाहेर काढलं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. मी त्याला छातीशी धरून रडले. त्या हाकेला थोडा जरी उशीर झाला असता, तर सासूबाईंना मी काय तोंड दाखवलं असतं?

फ्लोरियन काठावर बसून स्वतःच्या हातांकडं बघत होता. "मी त्याला ओढून घेतलं. हाताला वजन लागलं. मी मोजलं."

मग त्याला दगड दिसला. कुठला म्हणून विचारलं. मी गाडीजवळच्या, दगड रचलेल्या झाडाचं सांगितलं.

त्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि सांगायला लागला.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुणाची तरी बोट इथं उलटली होती. मोजणाऱ्यानं घाईत सांगितलं, सगळे आले. एक मुलगा आलाच नव्हता. तो अजून सापडलेला नाही. झाडाखालचे दगड त्याच्या आईनं रचलेत.

आम्ही दगड होता तिथं ठेवला. मी हात जोडले. आणि तसेच गाडीत बसलो.

परतताना गाडीत मी म्हणाले, "बरं झालं बाबा, तू हाक मारलीस."

जयराज खिडकीबाहेर बघत होता. "मी न्हाई मारली, वहिनी. माझ्या तोंडात पानी हुतं."

"मग?"

"मी बी ऐकली. माझ्या कानाजवळनंच आली ती."

घरी आल्यावर सासूबाईंना फोन केला. बुडण्याचं लपवलं, दगडाचं तेवढं सांगितलं.

"ठेवताना बोललासा न्हवं? काम झालं, आता तू मोकळा, जा म्हनून?"

आम्ही एकमेकांकडं पाहिलं.

"असं करू ने रं. संगं न्यायचं, नाव ठेवायचं आन् निरोप न्हाई द्यायचा? आपलाच समजून बसतंय मग त्ये."

दिवाळीला गावी गेलो. मला तिसरा महिना लागला होता. सासूबाईंनी आधी जयराजच्या, मग माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. "नेलंस तसं आणलंस गं बाई." माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं औंधला यमाईच्या दर्शनाला निघालो. अंगणात जयराज सवयीनं खाली वाकला, दगडासाठी. आणि मध्येच हात मागं घेतला.

सासूबाई दारातून हसल्या. "आरं येड्या, आता दगड कशाला? चौथा हाय की वहिनीच्या पोटात!"

सगळे हसले. जयराज सोडून.

आता मला सातवा चालू आहे. बाळ चांगलं आहे, असं डॉक्टर म्हणतात. विश्वजीत म्हणतो, नदीवर जाऊन तो राहिलेला निरोप देऊन येऊ, एकदाचं मन मोकळं होईल.

मी नको म्हणते.

पोटात बाळ हललं की मी हात ठेवते आणि गप्प बसते. 'तू मोकळा, जा' हे शब्द आता मला मनातल्या मनात उच्चारायचीही भीती वाटते.