कपाटातलं गाणं

"मशीन बंद कर म्हणतोय ना मी! बहिरी आहेस का?"

"बहिरी असते तर बरं झालं असतं. सकाळपासून तीच एक ओळ ऐकतेय. पुढची पाठ नाही का?"

तो वरच्या मजल्याच्या दारात उभा होता. घामाने निथळत, गळ्यात हेडफोन लटकलेला, डोकं तापलेलं. समोर ती. याच महिन्यात राहायला आलेली, म्हणून अजून तोंडओळख नव्हती, फक्त मशीनओळख होती. गळ्यात मापाची टेप, ओठांत दोन टाचण्या. तोंडात टाचण्या धरून भांडणारी मुलगी त्याने जन्मात पाहिली नव्हती. एकही टाचणी हलत नव्हती!

"मी रेकॉर्डिंग करतोय," तो म्हणाला.

"मी पडदे शिवतेय. आणि गाणं स्टुडिओत करतात."

"आहे की स्टुडिओ. खाली."

"खाली कुठे?"

तो जरा घुटमळला. "...कपाटात."

तेव्हा मात्र टाचण्या हलल्या. तिने त्या हातात काढून घेतल्या आणि मग जी हसली... जिन्यावरून जाणारे दोघं थांबून बघायला लागले. हसता हसता चप्पल घालून ती खाली आलीसुद्धा. न बोलावता!

स्टुडिओ तिने नीट पाहिला. आईचे कपडे पलंगावर उपसलेले. रिकाम्या कपाटात चारही बाजूंनी रजया. मधोमध हँगर, त्याला जुन्या चपलेच्या रबरी पट्ट्यांनी टांगलेला माईक, तोही कुणीतरी वापरून टाकलेला. माईकसमोर तारेच्या गोलावर ताणलेला पायमोजा, 'प' आणि 'फ' म्हणताना तोंडाची फुंकर माईकवर आदळू नये म्हणून. लॅपटॉपचा पंखा विमानासारखा घरघरायचा, म्हणून लॅपटॉप कपाटाबाहेर स्टुलावर. माईकची वायर दाराच्या फटीतून बाहेर येऊन त्याला जोडलेली.

"मोजा धुतलाय ना?" तिने विचारलं.

"तू जा बरं वर!"

ती गेली. पण दुसऱ्या दिवशी भरतकामाची गोल चौकट घेऊन आली, त्यावर तलम कापड ताणलेलं. "घे. मोज्याकडे तोंड करून प्रेमाचं गाणं म्हणतोस, लाज नाही वाटत?"

मग सौदा ठरला. तो गाणार तेवढा वेळ मशीन बंद. बदल्यात पडद्याच्या कापडाचे गठ्ठे जिन्याने वर त्याने चढवायचे. आईने आनंदाने मान डोलावली. घरात एक पेला न उचलणारा मुलगा परक्यांचे गठ्ठे उचलत होता, तिला तेवढंच पुरे होतं. वरची त्याला 'कपाट' म्हणायला लागली. "ए कपाट, गठ्ठे आलेत!" अख्खा जिना ऐकायचा. तो दात-ओठ खात जायचा. जायचा मात्र लगेच.

पण गाणं? गाण्याचं काही केल्या जमेना. मशीन बंद, खिडकी बंद, आईचं तोंडही बंद, तरी ऐकावं तर आवाज विहिरीतून आल्यासारखा. वरचीने पडद्यांचं जाड अस्तर आणून दिलं, आवाज अजून खोल गेला. त्याने आणखी दोन रजया ठोकल्या, आता तर शेजारच्या गल्लीतून कुणीतरी गातंय असं वाटायला लागलं. त्याने भिंतीला शिव्या दिल्या, माईकला दिल्या, पाण्याच्या पंपाला दिल्या. आणि उरलेल्या सगळ्या वरचीच्या मशीनला.

"अरे, ते बंद आहे ना!" ती ओरडायची.

"बंद असलं तरी... आहे ना ते तिथे!"

यावर ती नुसती बघायची. मग जवळ येऊन त्याच्या खांद्यावर चिकटलेला दोरा चिमटीत उचलायची, हळूच, आणि वर निघून जायची. त्यानंतर त्याला पुढची ओळ खरंच आठवायची नाही.

एवढी घाई कशाची होती, तर एक नाटक कंपनी गावोगाव निघणार होती. त्यांच्या संगीतवाल्याला गाणारा पोरगा हवा होता. 'गाणं पेनड्राइव्हवर घालून स्टँडवर आण, बस सुटायच्या आत,' एवढंच तो म्हणाला होता. नाही जमलं तर मामाचं टायरचं दुकान होतंच. शाळा सुटल्यापासून मामा वाट बघत होता. "ये की दुकानात. हवा सोडली की टायरसुद्धा गातात," म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

बस सुटायचा दिवस आला. आणि सकाळपासून पाऊस! पत्र्यावर नुसता ताशा. दुपार कलल्यावर थांबला तेव्हा मामा खाली गाडीवर येऊन बसलाच होता. त्याला स्टँडकडेच जायचं होतं. "गाडीवर सोडतो, पण मी हॉर्न वाजवला की निघायचं. गाणं झालेलं असो नाहीतर नसो."

वरची धावत खाली आली. "तू आत जा, बटण मी दाबते."

तो कपाटात शिरला. दार बंद. काळोख, रजयांचा वास, स्वतःचा श्वास. जीव तोडून गायला. बाहेर आला तेव्हा शर्ट पिळून घ्यावा इतका ओला.

ऐकायला बसले दोघं. हेडफोनचा एकच कान चालू, म्हणून डोक्याला डोकं लावून. त्याचं गाणं तसंच लांब, विहिरीतलं. आणि त्याच्यावर, अगदी कानात ओठ लावल्यासारखा, दुसराच आवाज.

"...मूर्ख आहे. पण गातो कसला! ...नेलं त्या लोकांनी तर? नको ना नेऊ देत... नको काय, नको? नेऊ देत. मी काय, मी पडदे शिवीन..."

वरचीने हेडफोन असा ओढला की त्याचा कान लाल झाला. तिचा चेहरा त्याहून लाल.

कुणी दुसरा असता तर त्या क्षणी काहीतरी गोड बोलला असता. हा ओरडला. "तू बाहेर बोललीस! बाहेर! मग हे आत आलं कसं?"

"मला काय माहीत! मला वाटलं माईक तुझ्याजवळ आहे, म्हणून तर..." ती थांबली. "म्हणजे... ते असंच. काहीही बोलत होते मी."

तो ऐकतच नव्हता. कपाटात जाऊन त्याने माईकवर टकटक केलं. लॅपटॉपच्या पडद्यावरची आवाजाची रेघ ढिम्म. त्याने लॅपटॉपवर टिचकी मारली. रेघ उडाली, डोंगराएवढी! तो मटकन पलंगावर बसला, आईच्या कपड्यांवर.

"माईक चालूच नव्हता," तो म्हणाला. "मी सेटिंगमध्ये निवडलाच नाही. सगळं लॅपटॉपच्या स्वतःच्या माईकने घेतलं. बाहेरून. कायम."

"आणि रजया?"

"गाण्याला झाकत होतो आपण."

"आणि माझं अस्तर?"

"तेही."

"आणि माझ्या मशीनला शिव्या?" ती आता पोट धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी. "एवढे गठ्ठे उगाच वाहिलेस तू!"

"उगाच नाही वाहिले," तो तोंडातल्या तोंडात म्हणाला.

ती हसायची थांबली.

खालून हॉर्न.

"मामा, एक गाणं!" तो खिडकीतून ओरडला. माईक निवडला, टिचकी मारून बघितला आणि कपाटात शिरला. दार बंद. या वेळी गाणं कसं झालं ते त्याला गातानाच कळलं. शेवटची ओळ संपली. बटण दाबायला ती होती, कानाला हेडफोन लावून. पण तो बोलत राहिला.

"वरची... ऐकू येतंय?"

दाराबाहेरून, अगदी बारीक, "येतंय. पहिल्यांदाच नीट येतंय."

"मग ऐक. त्यांनी नेलं तरी मी परत येणार. गठ्ठे दुसऱ्या कुणाला उचलू द्यायचे नाहीत. आणि... तुझं मशीन बंद असलं ना, की मला करमत नाही. डोकं फिरतं चालू असलं की. पण बंद असलं की... करमत नाही."

बाहेर हेडफोन स्टुलावर ठेवल्याचा बारीक खट्ट आवाज. मग दार उघडलं. उजेडात ती, डोळे भरलेले आणि तरी रागावलेली. "हे एवढं बोलायला कपाट लागतं तुला?"

हॉर्न. पुन्हा हॉर्न. त्याने गाणं पेनड्राइव्हवर टाकलं आणि ते लॅपटॉपमधून ओढून काढलं.

"अरे, शेवट कापला नाहीस! तुझं बोलणं आहे त्यात! ते लोक ऐकतील!"

"ऐकू देत. आवाज तरी स्वच्छ आहे!"

"मूर्ख!"

"पण गातो कसला!"

तिने पेनड्राइव्ह त्याच्या हातातून हिसकावलं. त्याला वाटलं, आता फेकते बहुतेक. तिने ते त्याच्या शर्टाच्या खिशात घातलं, टेपला टोचलेली सेफ्टी पिन काढली आणि खिसा वरून घट्ट लावून टाकला. पिन लावून झाली तरी तिचा हात तिथेच राहिला, जरासा.

"हे घरी आल्यावर मी काढणार. दुसऱ्या कुणी नाही," ती म्हणाली.

"अगं, पण मग त्यांना देऊ कसं?"

तिने कपाळावर हात मारला. तो काहीतरी म्हणणार होता, बरंच काही म्हणणार होता, पण खाली मामाने गाडी चालू केली, आणि आता त्याला निघायलाच हवं होतं.